पित्ताच्या कॅप्सूलनं केलेली नक्कल

आये,

तुला जाऊन आता तीस वर्षं होत आली. तुझी लेक म्हातारी झाली हाय हे तुला तिकडं कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. दात सगळे हायत. नवरा नाय. तुझा जावई जन्मभर कंपनीत शिफ्टला धावला आणि रिटायर झाल्यावर दोन वर्षंपण घरात टेकला नाय, निघालाच. घाई त्याला पहिल्यापासून. लेक-सून माझ्याजवळ हायत, रोह्यातच. पण आज लिहायला बसले ते माझी फजिती सांगायला. जन्मभर मी दुसऱ्यांच्या नकला केल्या आणि म्हातारपणी एका पित्ताच्या कॅप्सूलनं माझीच केली.

तुला तो मिठागरातला दिवस आठवतो का गो? धरमतरच्या खाडीच्या अंगाला, शाळेला सुट्टी, मी नऊ-दहा वर्षांची. तुम्ही बाया बांधावरून मिठाच्या पाट्या वाहताय. तुझ्या पुढं ती लंगडणारी मावशी, आणि तिच्या मागून मी, तस्साच पाय ओढत, तश्शीच कंबर मोडत. बाया पाट्या सांभाळत हसताहेत. तू हसत नाहीस. तू तिच्या डोक्यावरची पाटी उतरवलीस, माझ्या डोक्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आता चाल तिच्यासारखी." पाच पावलांत मी पाटीसकट खाऱ्या पाण्यात. तिला तू म्हणालीस, "बघ, तुझ्यासारखं चालणं सोपं नाय." संध्याकाळी चुलीपाशी मात्र माझ्याकडं पाठ करून भाकरी थापत विचारलंस, "पडलीस कशी ते दाखव परत." मी दाखवलं. तू वळली नाहीस, पण खांदे हलत होते तुझे. मला दिसले.

तर कॅप्सूलचं सांगते. तुझा जावई गेल्यावर माझं जेवणाचं काय खरं नव्हतं. कधी चारला जेवायची, कधी नुसती सुकट भाजून भाताबरोबर. घशाशी आंबट यायचं, छातीत जळजळ. डॉक्टरनं पंधरा दिवसांची कॅप्सूल दिली, जेवणाआधी घ्यायची. दोन दिवसांत असा आराम पडला की मी म्हटलं, ही तर देवानंच धाडली. पंधरा दिवस संपले तशी मी रिकामं पाकीट घेऊन मेडिकलात गेले. "तीच का मावशी?" "तीच रे बाबा." असं तीन वर्षं चाललं आये. डॉक्टरला परत तोंड दाखवलं नाय. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की एक जास्तीची घ्यायची, वर मटण बिनधास्त.

मग गेल्या वर्षापासून हात बारीक थरथरायला लागला. पाऊल उचलायला गेलं की जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं, मी आपली कोंबडीगत तुरुतुरु चालायची. आणि तोंड! तोंडात काय नाय आणि जबडा आपला चाललाय, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा. ओठ मिटले तर जीभ वळवळते. म्हटलं, वय झालं. घरी कुणाला सांगितलं नाय, कारण सांगायची गरजच पडली नाय. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे हसत होते. "आज कुणाची नक्कल गो?" म्हणून बाया विचारायच्या. मीपण डोळा मारायची. खरं काय ते मलाच सांगायला भ्या वाटत होतं.

माझ्या दारासमोर एक वयनी राहते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जिवाभावाची. दुपारी तिच्या ओट्यावर बसून आम्ही बिरड्याचे वाल सोलतो. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढायचा, दोन बोटांत दाबायचा, दाणा सालातून सुटतो. तिला दोन वर्षं झाली, कंपवात हाय. तिचे दाणे ताटात कमी आणि ओट्यावर जास्त पडतात, मी गुपचूप वेचते. त्या दिवशी माझापण हात थरथरला, जबडा चालायला लागला. शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. वयनीनं माझ्या हाताकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं.

"माझी करतेस व्हय? माझ्याच ओट्यावर बसून?"

"नाय गो वयनी, आपोआप होतंय."

"तुझं सगळं आपोआपच होतं. गणपतीत भटजीची केलीस तीपण आपोआपच."

ताट घेऊन आत गेली आणि कडी लावली. तीन आठवडे ते दार माझ्यासाठी उघडलं नाय. मी जाऊन हाका मारायची, आत टीव्हीचा आवाज वाढायचा. सूनपण मला बोलली, "आई, बास करा आता. त्या रडत होत्या." काय सांगू तिला? माझ्या शब्दाला किंमत ठेवायची मीच विसरले होते.

शेवटी सुनेलाच कळलं. एकदा मी सैपाकघरात एकटीच चहाचं आधण ठेवून उभी, जबडा आपला चाललेला. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, खिडकीतून बघत राहिली म्हणे किती वेळ. आत आली आणि माझा हात धरला. "आई, इथं बघायला कोणीच नव्हतं. मग हे कुणासाठी चाललं होतं?" मी रडले गो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

डॉक्टरनं सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. ती कॅप्सूल हातात घेऊन म्हणाला, "मावशी, ह्यात दोन औषधं आहेत. एक पित्ताचं, एक पोटातलं अन्न पुढं सरकवणारं. ते दुसरं जास्त दिवस घेतलं की काही जणांना असं होतं. मी पंधरा दिवसांची दिली होती. तुम्ही किती दिवस घेतलीत?" मी छताकडं बघितलं. सून म्हणाली, "तीन वर्षं." त्यानं डोक्याला हात लावला, कॅप्सूल बंद केली, पित्ताला दुसरी साधी गोळी दिली. म्हणाला, हळूहळू जाईल, काहींचं थोडं राहतंपण.

डॉक्टरनं लिहून दिलेला कागद घेऊन मी वयनीच्या दाराशी बसले. दारातूनच सगळं सांगितलं, मेडिकल, रिकामी पाकिटं, सगळं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "मग तुझं थांबणार?"

"थांबेल बहुतेक."

"बरं झालं गो." मग म्हणाली, "माझीपण असली कुठली गोळी असती तर बंद केली असती."

 

आता पाच महिने झाले. तोंड थांबलं हाय, पाय नीट पडतो, हातपण थरथरत नाय. सून म्हणते देवाची कृपा. हे सगळं लिहून कुठं धाडणार, ह्या वहीतच ऱ्हाईल, आणि वही डब्यांच्या मागं, सुनेला सापडायला नको. कारण एक गोष्ट तिला सांगितलेली नाय. परवा ओट्यावर वाल सोलताना माझा हात सरसर चालत होता. वयनीनं बघितलं आणि आपला हात पदराखाली घेतला. म्हणाली, कंटाळा आला, तूच सोल. तेव्हा मी चार वाल मुद्दाम पाडले. मग आणखी दोन. तिनं पदरातून हात काढला. "अजून हाय व्हय गो तुझं?" "हाय ना, जाता जात नाय," मी म्हटलं. मग आम्ही दोघीपण सांडत बसलो.

आज दुपारी परत पाडणार हाय.