जेवणाआधीची दोन मिनिटं

प्रिय आईला,
तुझ्या हट्टी लेकीचा प्रभूच्या नावाने सलाम.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खोलीत पाणी दोन्ही वेळा येतं. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती कुरकुरतेस?

"सगळेच करतात, मग तू एकटी कशाला वाईट होतेस?" असं तू लिहिलंस. वाचून डोकं फिरलं. मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं होतं, आता नीट ऐक.

इथे कारखान्यात शेगडीच्या गॅसचे रेग्युलेटर मी पाण्यात बुडवून तपासते. बुडबुडा आला की तो गळका, टोपलीत टाकायचा. मागच्या महिन्यात मुकादम म्हणाला, "बाई, जेवणाआधीची तुमची प्रार्थना जरा लांबवा की. तेवढ्यात टोपलीतला माल पेटीत भरून होतो. तुम्ही पाहिलंच नाही, तर तुम्हाला कसलं पाप?"

सोबतच्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हा कळलं, महिनाभर हेच चाललं होतं, आई! मी प्रभूचे आभार मानत होते आणि माझ्या नाकासमोर कुणाच्या तरी घराची राखरांगोळी पेटीत भरली जात होती.

मी सगळ्या पेट्या उलट्या केल्या. तेव्हापासून माझ्या बाकावर कुणी बसत नाही. माझ्या पिण्याच्या पाण्यात रोज कुणीतरी थुंकतं. थुंकू दे मेल्यांना, मी पुरून उरेन. (शिवी दिली, प्रभू माफ करो.)

लहानपणी प्रार्थनेत डोळे उघडले की तू चापट मारायचीस. आता मी टोपलीवर हात ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून प्रार्थना करते. सुट्टीत घरी आले की मार हवी तर चापट. डोळे मिटणार नाही.

तुझीच,
थोरली