कोणी आहे का?

१४ मार्च, रविवार

प्रिय छकुलीस,

ताईचे आशीर्वाद. छकुली म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस, साठी उलटली तरी धाकटी ती धाकटीच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढू देतात.

परवा तुझ्या लेकाने मोबाइलवर 'हॅलो मावशी' एवढंच लिहून पाठवलं. मला हसू आलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, हॅलो म्हणजे नमस्कार नव्हे. फोन नव्हते तेव्हा विलायतेत लांबच्या माणसाला थांबवायला लोक असंच काहीसं ओरडायचे. मग ती आरोळी तारेत शिरली. आमच्यासाठी तिचा अर्थ एवढाच, की कोणी आहे का? दोन-तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर लाइन सोडायची. जन्मभर तेच केलं, अजून हात आपोआप जातो. आता पोरं तोच शब्द तोंड न उघडता पाठवतात.

बरं, पाल्हाळ पुरे. मी तुझे फोन आपटले म्हणून तू फोन करणंच सोडलंस, असं तुझ्या लेकाने मागाहून लिहून कळवलं. आपटले नाहीत गं. मी हॅलो हॅलो म्हणायचे, पलीकडे काहीच नाही, म्हणून लाइन सोडायचे. वाटलं, तूच मुद्दाम गप्प बसतेस. मग मीही फुगून बसले.

काल शेजारीण बसली होती, तेव्हा औषधवाल्याचा फोन आला. दोनदा हॅलो म्हणून मी ठेवणार, तोच तिने माझा हात धरला. सावकाश म्हणाली, "अहो, तो केव्हाचा बोलतोय. मला इथवर ऐकू येतंय."

म्हणजे तूही बोलत होतीस.

लोकांचे ओठ बघून मी बरेच दिवस निभावतेय. कोणाला सांगायची लाज वाटली. कानांवर पोट भरलेली बाई मी. पण हे गेल्यापासून घर खायला उठतं, छकुले. तुझ्या फोनची वाट बघण्यातच माझा दिवस जायचा.

फोन करू नकोस, ये. उजेडात समोर बस आणि सावकाश बोल. फोन थरथरतो म्हणून कळतो, दाराची घंटा मला कळणार नाही, म्हणून आधी दिवस लिहून कळव. मी खिडकीत उभी राहीन. खालून नुसता हात वर कर.

लाइन न सोडता थांबलेली,
तुझी ताई