गव्हर्नर टॅलमन यांचे न जाळलेले पत्र

मी, खाली सही करणारी पूर्वी रघुवीर खांबेटे, वय २९, राहणार नॉटिंगहॅम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. आधीचा मसुदा मी आज दुपारी फाडला. कारण कलम ३ मध्ये आहे.

१. घर भाड्याचे आहे. बँकेत असेल ते आईला. आठव्या वर्षापर्यंत तिने मला घरीच, जेवणाच्या टेबलावर शिकवले. खोडरबर मात्र कधी दिला नाही.

२. सायकल आणि पुस्तके धाकटा भाऊ नकुल याला. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. पुस्तके देऊन टाकण्याआधी एखादे वाचावे. ही अट नाही, विनंती आहे.

३. ऑरिन टॅलमन या अमेरिकन गव्हर्नरांवर मी पाच वर्षे प्रबंध लिहीत आहे. खोगीर शिवणाऱ्याचा हा मुलगा वकील झाला, १९११ मध्ये गव्हर्नर झाला. त्यांनी कायदा करून लहान मुलांना गिरण्यांतून बाहेर काढले आणि त्यापायी अर्धे मित्र गमावले. १९१३ च्या संपात सैनिकांच्या गोळीबारात दोन विणकर बायका मेल्या. 'हुकूम माझा नव्हता,' असे ते मरेपर्यंत सांगत राहिले. बहिणीला मात्र त्यांनी लिहिले, 'सही माझीच होती. हे पत्र जाळ.' तिने जाळले नाही. त्याची प्रत मला मिळाली आणि मी ती चौथ्या प्रकरणात घातली नाही. मला ते आवडतात, एवढेच कारण.

फाडलेल्या मसुद्यात ही प्रत नकुलकडे जात होती, कोणाला न दाखवण्यासाठी. त्या मसुद्यावर साक्षीदार म्हणून सही करायला माझ्याबरोबर संशोधन करणारा योना अष्टमकर आला. टॅलमनवरून आमचे तीन वर्षांचे भांडण आहे.

"सो, तुझ्या संताला काय ठेवलंस?" त्याने पेन उघडले.

"आधी वाच तरी."

"कशाला? तळटिपेला तळटीप देणारी तू, तू काय लपवणार!"

मी त्याचा हात धरला. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. "सही करू नकोस, तुला काहीतरी द्यायचंय," म्हणून पत्र पुढे ठेवले. त्याने दोनदा वाचले. तो हसला नाही. "बिचारा," एवढेच म्हणाला.

४. माझे सर्व संशोधनाचे कागद योनाला. पत्र त्याने पूर्ण छापावे, त्याआधी त्या दोन विणकर बायकांची नावे द्यावीत. मुलांचा कायदाही त्याच प्रकरणात राहू द्यावा. गोळीबाराचा हुकूम आणि तो कायदा, दोन्हींखाली सही एकाच माणसाची आहे.

५. मी शुद्धीवर आले, तर चौथे प्रकरण मी स्वतः दुरुस्त करीन. टाळू लागले, तर योनाने हे पान माझ्यासमोर धरावे.

सही: पूर्वी रघुवीर खांबेटे
नॉटिंगहॅम, ४ मार्च २०२५

पूर्वी यांनी आम्हा दोघांसमोर सही केली, मग त्यांच्यासमोर आम्ही केली. यातले आम्हाला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: दिया कुलथे, वरचा मजला
झॅक हॉलम, शेजारी