नदीत पळालेल्या माझ्या माशांच्या भावाबाबत

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय अधिकारी साहेब,
अमरावती.

विषय : तळ्याचा मासा किती दिवसांनी नदीचा होते, हे ठरवून मिळण्याबाबत.
संदर्भ : शिपाईभाऊ म्हणाले, 'जे असन ते लिहून आणा.'

महोदय,

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून मासे पाळायचं शिकलो. चांदूर रेल्वेजवळ आमच्या वावरात शेततळं आहे, त्यात रोहू अन् कटला. खाद्य टाकायच्या आधी मी पत्र्याचा डबा वाजवतो, का मासे वर येतात. ऑगस्टच्या पुरात तळ्याचा बांध फुटला अन् अर्धे मासे नदीत गेले.

पूर उतरल्यावर मी नदीवर जाऊन डबा वाजवला. आले साहेब! सगळे तोंड वर करून. पाहाले गाव जमलं. माझी चूक एवढीच, का मी जाळं नेलं नव्हतं. नदीत मासे धरणारा श्याम तिथंच उभा होता. तवापासून तो रोज डबा वाजवतो, जाळं टाकतो अन् बाजारात पाटी लावतो, 'नदीचा अस्सल मासा'. भाव माझ्या दुप्पट. मी 'तळ्याचा' असं खरं लिहितो, तर गिऱ्हाईक नाक मुरडून पुढं जाते. मी म्हटलं, "श्यामभाऊ, हे माझे मासे आहेत." तो म्हणे, "मंग घे ना बोलावून नावानं!"

मागच्या आठवड्यात आमची अम्मी त्याच्याचकडून मासा घेऊन आली. मलेच म्हणे, "इसको कहते नदी की मच्छी. तेरे तलाव की में ये बात कां?" मी खाल्ला. खरं लिहितो, चव जराशी बरी होती. वाहत्या पाण्यात गाळाचा वास गेला असन. पण लहानाचा मोठा मी केला ना साहेब!

अब्बांनी सांगून ठेवलं आहे, का दिवाळीपर्यंत धंदा नाही जमला तर तळ्याचं पाणी संत्र्याच्या झाडाईले. म्हणून विनंती, का वरचा नियम ठरवून द्यावा. नाही ठरत, तर बाजाराच्या दिवशी दोघांच्याही पाट्या काढून आपण स्वतः दोन्ही मासे खाऊन पाहावे. श्याम तयार आहे. त्याचा जिंकला तर मी तक्रार मागं घेतो.

आपल्या येण्याची वाट पाहून राहिलेला,
शेख परवेज शेख गुलाम नबी
दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत : काही नाही. नमुना म्हणून तळ्याचा एक कटला शनिवारी आणला होता, पण कार्यालयाले सुट्टी. परत नेला, तो घरी शिजला. अब्बांनी दोनदा वाढून घेतला. म्हणे, "आज श्याम ने बढिया मच्छी दी." मी अजून त्यांना काही सांगितलं नाही. आपण आले का आपल्यासमोरच सांगतो.