नऊ जणांचं संगनमत

३ मार्च

चि. वकीलबाईंस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर पहिलं काय दिसलं, तर तळमजल्यावरची माझी खोली रिकामी, आणि कुलूप शाबूत! मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं आजाऱ्यांना फुकट वापरायला देत असलेल्या व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, सगळं कुठल्याशा गोदामात. खोलीत म्हणे व्यायामशाळा होणार. खोली मला सोसायटीने लेखी ठरावाने दिलेली आहे. कमिटीच्या नऊच्या नऊ जणांनी संगनमत केलंय. नावांची यादी सोबत आहे, सगळ्यांवर दावा लाव. मला खोली परत हवी.

संतापलेली, पण तुझ्यावर नव्हे,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

दावा लावू. पण ‘सगळ्यांनी संगनमत केलं’ एवढं लिहून कोर्ट ऐकत नाही. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी हव्यात : त्याला काय आणि कधी माहीत होतं, आणि त्याने स्वतः काय केलं. ‘खडूस आहे’ हे तू यादीत चौघांपुढे लिहिलंयस, ते चालणार नाही. आणि कुलूप तुटलेलं नव्हतं म्हणतेस, मग किल्ली कोणी दिली?

थेंब वेळेवर घाल. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

१६ मार्च

चि. वकीलबाईंस, आशीर्वाद.

तुझे दोन रकाने आखून बसले. दातांचे डॉक्टर तेव्हा परगावी होते. निवृत्त इंजिनियर बैठकीत झोपतात आणि उठून सही करतात. बाकी पाच जणांना खोली रंगवायची आहे एवढंच सांगितलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये एकीच्या खोडीपायी सिस्टर अख्ख्या बाकाला उभं करायच्या, तेव्हा मी किती चडफडायचे! तेच करायला निघाले होते. उरले सेक्रेटरी आणि खजिनदार, पण त्यांना काय माहीत होतं ते सांगणार कोण?

दुसरी किल्ली तुझ्या आईकडे असते. वर जाऊन विचारलं, तर दूध उतू जातंय म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आज हे माझ्या दाराखालून सरकवलेलं मिळालं. वाच.

मन घट्ट कर.
मावशी

(सोबतचे पत्र)

ती. ताईस, सा. न.

किल्ली मी दिली. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघे आले होते. व्यायामशाळेसाठी खोली रिकामी करायची आहे, तू असलीस तर कोणाची छाती होणार नाही, म्हणून तू दवाखान्यात असतानाच उरकायचं, असं माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले. टेम्पो खजिनदारांनी आणला. मला सगळं माहीत होतं. वर्षभरात दोनदा तू त्या जड खुर्च्या उचलताना पडलीस. वाटलं, खोली गेली की घरी बसशील. तुला विचारायला हवं होतं. मुलीला कळवू नकोस.

तुझी धाकटी

२४ मार्च

चि. वकीलबाईंस, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईचं नाव घालायचं असेल तर दुसरा वकील शोधावा लागेल, हे लिहिताना तुझं अक्षर वाकडं झालंय. तुझ्या नियमाने तिचे दोन्ही रकाने भरतात. चार दिवस मी तिला तिसरी प्रतिवादी धरूनच चालले होते.

मग लक्षात आलं, त्या दोघांचे रकानेही तिनेच भरलेत. काय ठरवलं, कधी, कोणासमोर, टेम्पो कोणाचा. हे दुसरं कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा दावा दोघांवरच. तुझी आई माझी साक्षीदार. वकील तरीही दुसराच बघ, आईला पिंजऱ्यात प्रश्न विचारणं तुला जमायचं नाही. मी समोरच बसणार आहे.

तिला हे चिठ्ठीने कळवलं. सगळ्यांसमोर सांगावं लागेल का, असं तिने चिठ्ठीनेच विचारलं. मी ‘हो’ लिहून पाठवलं.

साक्ष होईपर्यंत आमचं बोलणं बंद आहे. माझ्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब तीच घालते. तेव्हाही बोलत नाही.

तुम्हा दोघींवर होता तेवढाच जीव असलेली,
मावशी