दोनशे लिटर पुरत नाहीत

प्रिय इंजिनिअरबाई,

तीनशे लिटरची टाकी मागवू नकोस. मागवली असशील तर आजच रद्द कर. पहिल्याच ओळीत लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात.

तुझ्या त्या हीट पंपाने मला नुसता वैताग आणलाय. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो म्हणे! ओढतो खरा, माझ्या धुण्याच्या खोलीतली. तिथे कपड्यांच्या घड्या घालायला मी स्वेटर चढवून जाते. वर दिवसभर घूं घूं. जुना गीझर बटण दाबलं की दहा मिनिटांत कढत पाणी द्यायचा. या महाराजांची टाकी एकदा संपली की चार तास वाट बघा. वीज कमी लागते, कबूल. पण परवा डोक्याला साबण लावून मी कुडकुडत उभी होते, तेव्हा त्या बचतीला काय चाटायचं होतं?

तुझा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, दार बंद ठेवता म्हणून यंत्राला हवा मिळत नाही. दार उघडं ठेवलं. दुसऱ्यांदा त्याने जाळी धुतली, सगळं तपासलं आणि विचारलं, घरात माणसं किती? दोन म्हटल्यावर असं बघितलं, जसं काही मी चार भाडेकरू लपवलेत. मग तू तिकडून मोबाइलवर टाकीचे आकडे बघून मला धारेवर धरलंस: सात वाजता, साडेनऊला, परत अकराला, एवढं पाणी वापरतं कोण? मी सांगितलं, आत्या राहायला आलीय. आत्या आली नव्हती गं. थाप मारली मी. आणि तू लगेच मोठी टाकी ठरवून मोकळी झालीस.

पाणी बाबा वापरतात. आंघोळ करतात, भांग पाडतात, पेपर घेऊन बसतात आणि थोड्या वेळाने टॉवेल खांद्यावर टाकून परत बाथरूमकडे निघतात. सुरुवातीला मी तोंडसुख घेतलं, एकदा तर दार अडवून उभी राहिले. तर म्हणाले, अगं, असं काय करतेस, माझी आंघोळ राहिलीय ना? केस ओलेच होते त्यांचे. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं एका गोळीची चूक न केलेला माणूस! आता मी अडवत नाही. ते करतात तितक्या आंघोळी करू देते आणि उरलेल्या गार पाण्याने माझं उरकते. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून दोन महिने त्या बिचाऱ्या यंत्राच्या नावाने शंख केला. डॉक्टरांचं नाव काढलं की ते माझ्यावर डाफरतात, पण तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मला फार भीती वाटतेय. रजा टाक आणि ये, त्यांना तुझा शब्द लक्षात राहतोय तोवर ये.

तुझीच, थापाडी
आई