आवडाबाईंचा अंगठा रद्द करणेबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक साहेब,
जुनी वस्त्रकला संग्रह कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : दुसरा खाका प्लास्टिकमध्ये न घालणे व साक्षीदाराचा अंगठा रद्द करणेबाबत.
संदर्भ : 'हात लावून तपासण्यास परवानगी', आपले पत्र दि. ५ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार मेघा धम्मपाल खिल्लारे ही छावणीत भरतकामाचे दुकान चालवते व जुन्या नक्ष्यांचे मूळ शोधते. आपल्या कक्षात १९३० च्या सुमाराचे दोन खाके आहेत, म्हणजे नक्षीबरहुकूम भोके पाडलेले कागद. वरून नीळ घासली की नक्षी कापडावर उतरते. कक्षाची पाटी म्हणते, 'इंग्लंडच्या कला-कारागिरी चळवळीतील नक्षी. टाके स्थानिक बायकांचे.' अर्जदाराच्या मते ते फूल करडईचे आहे, आणि इंग्लंडात कोणी करडई पेरल्याचे तिच्या ऐकिवात नाही.

२. फुलंब्रीच्या आवडाबाई, वय ८६, यांची नजर गेली आहे. त्यांची आई पारूबाई छावणीतल्या मडमेच्या भरतकाम वर्गात होती. मडम सुया कुलपात ठेवी, म्हणून पारूबाई घरी बाभळीच्या काट्याने खाके टोची. टपालाने येणारे विलायती खाके यंत्राने टोचलेले, त्यांची पाठ गुळगुळीत. काट्याने टोचलेल्याची खरखरते. "डोळे काय करायचेत? पाठीवरून बोट फिरवू द्या, माह्या आईचा हात मला कळतो," असे आवडाबाईंचे म्हणणे. त्यावरून आपण परवानगी दिलीत.

३. दि. २० रोजी आवडाबाई दोन गाड्या बदलून आल्या, जिना चढल्या. लिपिक श्री. गोकुळ यांनी मोठ्या अभिमानाने खाका पुढे केला. तो लॅमिनेट केलेला होता. आवडाबाईंनी बोट फिरवले, उलटून पुन्हा फिरवले आणि विचारले, "ह्ये काय, शाळंचं सर्टिफिकेट हाय व्हय?"

"आजी, लोकं हात लावून खराब करतात. आता शंभर वर्षं काय होत नाय."

"मंग इतकी वर्षं काय झालं व्हतं त्याला?"

हात लावण्याची लेखी परवानगी असलेली वस्तू हात लागू नये म्हणून वितळत्या प्लास्टिकमध्ये दाबली गेली. अर्जदारास किळस आली. सभ्य शब्द शोधला, सापडला नाही.

४. पुढचा प्रकार त्याहून घाण. 'आल्याची नोंद' असे सांगून आवडाबाईंचा अंगठा घेतला. प्रत मागितली तर वर मजकूर : 'साक्षीदाराने खाका हाताने तपासला. पाठ गुळगुळीत आढळली. नक्षी विलायती असल्याबद्दल हरकत नाही.' विचारले असता श्री. गोकुळ म्हणाले, "ताई, कागद आधीच टाईप करून ठेवला होता." म्हणजे आवडाबाई अजून जिना चढत होत्या, आणि त्यांचे म्हणणे वर येऊन खुर्चीत बसले होते.

५. दुसरा खाका कपाटात आहे. त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने 'लॅमि. करणे' लिहिलेले अर्जदाराने स्वतः पाहिले. प्रदर्शन २ फेब्रुवारीला उघडते, पाट्या त्याआधी छापल्या जातील. पारूबाईचे नाव वर्गाच्या हजेरीपटातही नाही. तिचा म्हणून काही पुरावा उरला असेल तर तो एवढाच मळका कागद.

सबब अंगठा रद्द करावा, पाटी छपाईस देऊ नये, व दुसरा खाका आहे तसा, न पुसता, आवडाबाईंच्या हाती द्यावा. बोट फिरवून त्याच 'विलायती' म्हणाल्या, तर अर्जदार आपल्या पाटीखाली मुकाट सही करेल. आवडाबाई मंगळवारी, दि. २७ रोजी, पुन्हा जिना चढणार आहेत. तोवर लॅमिनेशन यंत्राची वायर साहेबांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवावी. किल्ली श्री. गोकुळ यांच्याकडे देऊ नये.

सोबत : परवानगीपत्राची व अंगठ्याच्या कागदाची प्रत.

अजून तरी आपली नम्र,
मेघा धम्मपाल खिल्लारे
छावणी, छत्रपती संभाजीनगर
दि. २२ जानेवारी २०२६